रेणुकाताईंची सही

गोरिलांच्या घरात शिरताना रेणुकाताई आधी घसा खाकरायच्या. चांगलं लांबलचक, पोटातून आल्यासारखं. आतून तसंच घोगरं उत्तर आलं की मगच पुढे व्हायच्या. "कुणाच्या घरी जाताना आपण कडी वाजवतो की नाही?" पहिल्यांदा मला बरोबर नेलं तेव्हा म्हणाल्या होत्या.

ताई परभणीच्या. जनावरांच्या डॉक्टर होऊन जर्मनीत पीएचडीला आल्या आणि एका प्राणिसंग्रहालयात नोकरीला लागल्या. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी विद्यार्थिनी म्हणून त्यांच्या घरातली एक खोली भाड्याने घेतली होती. पुढे मला नोकरीही त्याच शहरात लागली, पण ती खोली सुटली नाही.

ताईंचं बोलणं कडवट. आफ्रिकेतली जंगलं खाणींसाठी तुटताहेत आणि आपण इथे काचेआड पिल्लं जपतोय, यावर म्हणायच्या, "मूळ कागद जाळायचा अन् झेरॉक्स सांभाळायची. गेनाऊ, अगदी हेच चाललंय." तरी सकाळी सहाला सायकल काढून त्याच कामावर सगळ्यांच्या आधी हजर.

गोरिलांच्या घरात टाम्बो जन्मला तेव्हा मात्र ताई हरखल्या. शहरभर पोस्टर लागली, नाव ठेवायला स्पर्धा झाली. आई त्याला जवळ घेईना. ताई तीन दिवस जाळीला टेकून बसून राहिल्या. चौथ्या दिवशी तिने पिल्लाला छातीशी धरलं, तेव्हा घरी येऊन सरळ झोपल्या. जेवल्याही नाहीत.

टाम्बो सात वर्षांचा झाला आणि बापाशी मारामाऱ्या सुरू झाल्या. जंगलात असा नर मोठा होऊन कळप सोडतो. इथे जाणार कुठे? ताईंनी युरोपभर पत्रं पाठवली. सगळीकडे नर आधीच जास्त.

"आफ्रिकेत नाही सोडता येणार?" मी विचारलं.

"कुठल्या जंगलात? त्याला सोललेली सेलरी ठाऊक आहे, शिकारी ठाऊक नाही."

उरले दोनच मार्ग. जन्मभर एकटा कोंडायचा, नाहीतर खच्ची करून आईपाशी ठेवायचा. डायरेक्टरने ताईंचं मत लेखी मागितलं. तो कागद आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून होता. मग एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी सही केली. "एकटा राहिला तर वेडा होईल," एवढंच बोलल्या.

भुलीचं इंजेक्शनही त्यांनीच दिलं. संध्याकाळी घरी आल्या, हात धुतले, पुन्हा धुतले. "जाग आल्यावर आधी माझं बोट धरलं त्यानं." मला रडू आलं, तर डाफरल्या, "कशाला रडायलीस? त्याला जागा मिळाली. सगळ्यांची सोय झाली."

डायरेक्टरने ईमेलमध्ये निर्णयाला 'समंजस' म्हटलं. महिन्याभरात ताईंनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या शहरातल्या कत्तलखान्यात मांस तपासणीची नोकरी धरली.

"ताई, तुम्ही? कत्तलखान्यात?" मी फोनवर म्हणाले.

"इथं कुणी वाचवतोय असं म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "बरं वाटतं."

टाम्बोला बघायला या, असं मी दोनदा सुचवलं. त्यांनी विषय बदलला. शेवटी मी एकटीच गेले. तो आईला टेकून पाला खात बसला होता. काचेपाशी एक बाई लेकीला सांगत होती, "बघ, किती प्रेमळ आहे. मोठा झाला तरी आईला सोडून गेला नाही." मग हसून माझ्याकडे पाहिलं. मीही हसले आणि मान डोलावली.