जिवंत आजोबांचा घास

दवाखान्यातली आठवण म्हटलं की तुमचा हात रुमालाकडं जाणार. खाटेवर सुकलेला रोगी, कपाळावर नर्सचा हात, आणि शेवटी रोगी डोळे उघडून म्हणणार, "भाऊ, तुम्ही होता म्हणून वाचलो." ठेवा तो रुमाल खिशात. मी एका रोग्यावर सूड घेतला, त्याची ही गोष्ट. तो माझ्यापेक्षा वर्षानं लहान होता, त्याच्या बरगड्या लांबून दिसायच्या, तरी घेतला. वर आणखी सांगतो, घेताना मजा आली.

मी बार्शीच्या शाळेत शिकलो. शिकलो म्हणजे हेडमास्तरांचा आवाज काढायला शिकलो. बाकीचं मद्रासला येऊन शिकावं लागलं. मामा एग्मोरला रेल्वेत होते, त्यांनी मला एका मोठ्या दवाखान्यात पुरुष नर्सांच्या शिक्षणाला चिकटवून दिलं. राहायला तिरुवल्लिकेणीतल्या मॅन्शनमध्ये. तीन मजले, सगळे सडेफटिंग. संध्याकाळी गच्चीवर माझा दरबार भरायचा. "आज वॉर्डात कोण कोण झालं?" असं विचारायचे, आणि मी एकेकाला उभं करायचो. खोकणारा, कण्हणारा, थर्मामीटर चावणारा. मोठे डॉक्टर तर माझा हातखंडा. नाकातून बोलायचे, आणि प्रत्येक वाक्याआधी "वेल्, माय बॉय" म्हणून लांबलचक सूर लावायचे.

एकाच माणसाची नक्कल मला कधी जमली नाही. आमच्या वॉर्डाच्या सिस्टर. केरळकडच्या, पन्नाशीतल्या. झोपलेला रोगी जागा होऊ नये म्हणून किल्ल्यांचा जुडगा मुठीत दाबून चालायच्या. ज्या बाईचा आवाजच येत नाही, तिचा आवाज काढणार कसा?

तो मुलगा आला तेव्हा सिस्टरनी मलाच बोलावलं. कारण तो मराठी होता. तंजावरकडचं घराणं, मद्रासला वडील मास्तर, हा कॉलेजात. पोटात काही रोग नाही, घशात काही नाही, पण अन्न दिसलं की तोंड फिरवायचा. सहा महिने असंच चाललेलं. डॉक्टरांनी तक्त्यावर मोठं इंग्रजी नाव लिहिलं होतं, ते मला आजही एका दमात म्हणता येत नाही.

सिस्टरनी नियम सांगितले. "जेवताना समोर बसायचं. खा खा करायचं नाही. रागवायचं नाही, लालूच दाखवायची नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं. आणि तक्त्यावर खाल्लं किती ते लिहायचं नाही, उरलं किती ते लिहायचं. खाल्लेलं कुणाला दिसत नाही. उरलेलं दिसतं."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिला.

पहिल्याच दुपारी अ‍ॅल्युमिनियमच्या ताटात भात, रसम आणि दहीभात आला. तो ताट घेऊन उठला आणि व्हरांड्याकडं निघाला.

"कुठं चाललास?"

"कावळ्यांस घास ठेवून येतों," तो म्हणाला. ते जुनं मराठी ऐकून मला वाटलं, पोथीतलाच कुणीतरी खाली उतरलाय. "आजोबा गेले तेव्हांपासून त्यांस ठेवल्यावांचून मला जेवतां येत नाहीं."

इथं मी फसलो, आणि कसा फसलो ते सांगितलं पाहिजे. मद्रासकडं कितीतरी घरांत रोज जेवणाआधी कावळ्याला घास घालतात, ते काव काव करून बोलावतात आणि समोर उभे राहतात. त्यात काही विशेष नाही. आमच्या बार्शीकडं कावळ्याला घास म्हणजे दहाव्याचा पिंड. पिंड ठेवायचा आणि सगळ्यांनी मागं सरायचं, कारण माणूस उभा असला की कावळा शिवत नाही. माझे आजोबा गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ओढ्याकाठी दोन तास कावळा शिवेना. मला वाटलं आपण मदत करावी. मी झाडामागून हुबेहूब कावळ्यासारखा ओरडलो. होते तेही कावळे उडून गेले. चुलत्यांनी कानाखाली अशी काढली की अजून पावसाळ्यात तो कान दुखतो. शेवटी दर्भाचा कावळा केला. आजोबांना काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं, असं घरातले अजून म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडं बघतात.

तर तो पोरगा आजोबा म्हणाला आणि माझी नक्कल, चेष्टा सगळी जागच्या जागी बसली. मी व्हरांड्याच्या दारातून आत आलो, पाठ फिरवली, हात जोडले. बाहेर कावळ्यांचा कल्लोळ. मला वाटलं, बघा, याच्या आजोबांना लगेच शिवला. चारपाच मिनिटांनी तो आला तेव्हा ताट नळावर धुऊन आणलेलं. "जेवलास?" "जेवलों." मी तक्त्यावर लिहिलं, काही उरलं नाही.

असं दहा दिवस. दोन्ही वेळा. मी दोन्ही वेळा हात जोडून उभा.

अकराव्या दिवशी रविवार. भेटीच्या वेळेला एक उंच म्हातारा आला. जरीकाठी उपरणं, हातात काठी, दंडाला धरून आणायला कुणी नाही, आवाज खणखणीत.

"आमचा नातू कोठें आहे हो?"

"तुम्ही त्याचे..."

"आजोबा."

"आईकडचे का?"

"वडिलांकडचे. आईकडचे आजोबाही आहेत, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून आले नाहींत. कां हो? असे कां पाहतां?"

मी खाटेकडं वळलो. खाटेवरचा पोरगा माझ्याकडं बघत होता. हसला नसेलही, पण मला तो हसलेला दिसला.

सोमवारी वजनकाट्यावर उभं केलं. वजन उतरलं होतं. तक्ता म्हणतो दहा दिवस ताट चाटूनपुसून साफ, आणि काटा म्हणतो पोरगा वितळतोय. दुपारी सिस्टर त्याच्या मागोमाग व्हरांड्यात गेल्या. किल्ल्यांचा आवाज नाही, त्यालाही कळलं नाही. कठड्यावर सगळा भात, आणि कावळे इतके माजलेले की सिस्टरना बघूनही हलेनात.

भर वॉर्डात मला उभं केलं. "कावळ्यांचं वजन वाढलंय. ते कुणाच्या तक्त्यावर लिहू?"

शेजारच्या खाटेवर अल्सरचा एक बस कंडक्टर होता. तो म्हणाला, "मी रोज बघत होतो, अम्मा. मला वाटलं या मराठी लोकांत पूर्ण ताट द्यायची रीत असेल. हासुद्धा हात जोडून उभा राहायचा ना!"

सगळा वॉर्ड हसला. लोकांना हसवणारा मी, आणि त्या दिवशी मलाच हसले. मला इंजेक्शनच्या ट्रेवरून काढून बेडपॅनवर घातलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या सोमवारी वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी. त्या नळीला तो मुलगा किती घाबरायचा ते सगळ्यांना माहीत होतं. एकदा दुसऱ्या रोग्याला घालताना त्यानं पाहिली होती, आणि दिवसभर स्वतःचं नाक धरून बसला होता.

मी बेडपॅन धुताना एकच विचार करायचो. याला सोडायचं नाही. माझ्याशी खोटं बोलला असता तर चाललं असतं, वॉर्डात सगळेच बोलतात. पण यानं माझ्या आजोबांच्या कावळ्याची थट्टा केली.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर स्वतः त्याच्यासमोर बसायला लागल्या. स्वतःचा डबा आणायच्या, आणि जेवायच्या. त्याच्या ताटाकडं बघायच्यासुद्धा नाहीत. आपल्या गावच्या होडीबद्दल, मेहुण्याच्या कोंबड्यांबद्दल काहीबाही सांगायच्या. बुधवारी त्यानं अर्धी इडली खाल्ली. गुरुवारी पूर्ण. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दहा दिवस हात जोडून उभा राहिलो तर कावळ्यांना, आणि त्यांनी कोंबड्यांच्या गोष्टी सांगितल्या तर पोटात!

सिस्टरची पाठ वळली की मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायचो आणि तो व्हायचो. इडलीचे सोळा तुकडे करायचो. एक तुकडा उचलायचा, उजेडात धरायचा, वास घ्यायचा, परत ठेवायचा, बोटं पुसायची. एक बोट पुसायला एक मिनिट. कंडक्टर पोट धरून ओरडायचा, "पुरे बाबा, माझा अल्सर फुटेल!" मुलगा खाली मान घालून चादरीची दशी ओढत राहायचा.

"अहो," एकदा तो हळूच म्हणाला, "मला तसें करायला आवडतें असें वाटतें काय तुम्हांस?"

"आजोबांना विचारून सांगतो," मी म्हणालो.

शुक्रवारी सिस्टरची दुपारची सुट्टी. ताट आलं. तो एका इडलीपर्यंत पोचला होता, तीच समोर घेऊन बसला. मी हिरव्या पडद्यामागं गेलो, नाक चिमटीत धरलं आणि मोठ्या डॉक्टरांचा सूर लावला. "वेऽल्, माय बॉय! नो प्रोग्रेस. सोमवार कशाला? नळी आत्ताच तयार करा."

पडद्याच्या फटीतून मी बघितलं. त्यानं एकदम इडली तोंडात कोंबली. मग दुसरी. मग भात, दोन्ही हातांनी. चावत नव्हता, नुसता ढकलत होता, डोळ्यांतून पाणी, हनुवटीवरून सांबार. मला त्या क्षणी काय वाटलं ते खोटं सांगणार नाही. मला वाटलं, फिटलं. मी पडदा सारून बाहेर आलो आणि नाटकातल्यासारखं कमरेत वाकलो. वॉर्डानं टाळ्या वाजवल्या.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग सगळं उलटून पडलं. ते मीच पुसलं, आणि पुसतानाही शीळ घालत होतो.

शनिवारी खरे डॉक्टर आले. मुलगा भिंतीकडं तोंड करून, चादर डोक्यावरून घेऊन पडलेला. सिस्टरनी त्यांना इडलीचं सांगितलं होतं. ते खूश होते. पडद्याजवळ थांबून म्हणाले, "वेल्, माय बॉय, तू खायला लागलास असं ऐकतो. मग नळीचं नाव काढायला नको."

चादरीतून आवाज आला, "जा हो, माकडा. पुरें झालें तुमचें सोंग."

सगळा वॉर्ड गार. डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथस्कोप तेवढा हलत होता. मग कंडक्टरला हसू आवरेना, तो उशीत तोंड घालून फुसफुसायला लागला. मुलानं चादर बाजूला केली आणि खरे डॉक्टर दिसले. तो इतका पांढरा पडला की मला वाटलं आता हा जातोय.

त्यानंतर त्यानं कुणाचंच ऐकलं नाही. डॉक्टर नळी लावणार नाही म्हणाले होते, पण तो आवाज कुणाचा मानायचा? सिस्टर डबा घेऊन बसल्या, कोंबड्या आल्या, होडी आली, त्यानं तोंड उघडलं नाही. रविवारी आजोबा आले, त्यांच्याशीही बोलला नाही. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून भेटीची वेळ संपेपर्यंत बसला. जाताना मला म्हणाला, "तुम्ही याच्याशीं आपल्या भाषेंत बोलतां, म्हणून आम्हांस धीर होता."

सोमवारी काटा आणखी खाली.

नळी घालायच्या वेळी सिस्टरनी मला बोलावलं. "हात तू धरायचे." मी धरले. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. तो ओरडला नाही. डोळे मिटलेसुद्धा नाहीत, सगळा वेळ माझ्याकडं बघत होता. सूड पुरा झाला होता, बघायला पुढची जागा मिळाली होती, आणि मला मान वळवायची सोय नव्हती. नळी काढल्यावर त्यानं घसा खाकरला आणि बसक्या आवाजात विचारलं, "गच्चीवर आज माझा आवाज काढाल काय?"

गच्चीचं मीच त्याला सांगितलं होतं, पहिल्या दिवशी, दोस्ती करायला.

कंडक्टरनं सिस्टरना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी मला चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी किल्ल्या मुठीतून सोडल्या, टेबलावर आपटल्या. तमिळ, इंग्रजी आणि त्यांची मल्याळम, तिन्हींत झालं. मला समजलं तेवढं मराठीत देतो.

"दहा दिवस कावळ्यांना जेवू घातलंस, त्याचं मला काही नाही. मूर्खपणा होता, त्याला औषध आहे. पण तुला वाटलं तो तुझ्याशी खोटं बोलला. अरे, तो सहा महिने आईशी खोटं बोलतोय, बापाशी बोलतोय, स्वतःशी बोलतोय. तू कोण लागून गेलास? त्याला एका इडलीपर्यंत आणायला मला तीन दिवस लागले. तू एका दुपारी त्याला आवाजाची भीती घातलीस. आता मी बोलले तरी तो आधी बघतो, मीच आहे का. डोळे वर कर. डॉक्टर तुला काढायला निघाले होते. मी नको म्हटलं. तुझ्यावर दया आली म्हणून नाही. त्याच्या भाषेत बोलणारा दुसरा कुणी माझ्याकडं नाही म्हणून. उद्या सकाळी सातला त्याच्यासमोर बसायचंस. स्वतःचं ताट घेऊन. तुझ्याच आवाजात बोलायचं, असला कुठं तर. नसला तर गप्प बसायचं. तो इडलीचे सोळा तुकडे करो नाहीतर साठ करो, तू आपली खायची. आणि उरलं किती ते लिहायचं. आणि ओठ का हलतायत तुझे? माझी नक्कल करतोयस? माझ्यासमोर?"