डब्यातलं मेमरी कार्ड

आधीच सांगून टाकते. खालच्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीचा मला हेवा वाटायचा, आणि तो पहिल्या दिवसापासून वाटायचा. तिच्या पोळ्या गोल व्हायच्या म्हणून वाटायचा. ड्रायव्हिंगची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि मी तिसऱ्या, म्हणून वाटायचा. तिच्या बाल्कनीतला कढीपत्ता जगला आणि माझा दोनदा मेला, तेव्हा तर मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नव्हते. तिला कारण कळलं नाही. तिला वाटलं, माझं डोकं दुखतंय.

दोन हजार तीन साली आम्ही कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला एका दोन मजली अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी वर, ती खाली. दोघींचे नवरे सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी एकाच शटल बसने जायचे. आम्ही दोघी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे घरात बसायचं, नोकरी करायची नाही. मी नागपूरची एमसीए, ती मुंबईची इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. दोघींच्या सर्टिफिकेटांच्या फायली सूटकेसच्या तळाशी होत्या. कोणी विचारलं तर आम्ही हसून 'सध्या ब्रेक घेतलाय' म्हणायचो, जसा काही तो ब्रेक आम्हीच मागून घेतला होता.

नवऱ्यांनी आदल्या वर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये रांग लावून एकसारखे दोन गेम कन्सोल आणले होते. महिनाभर दोघं वेड्यासारखे खेळले, मग कन्सोलवर धूळ बसायला लागली. एका दुपारी ती वर आली. हातात बिस्किटाएवढी एक काळी वडी होती.

"हे बघ, मेमरी कार्ड. हे पुढच्या खाचेत घालायचं. नाहीतर आपण खेळलेलं सगळं बंद केलं की जातं."

त्या कन्सोलला स्वतःची आठवण नव्हती. जे काही खेळलात ते टिकवायचं तर हे कार्ड हवं. आठ एमबी, बस. तिने त्यावर एक गाव वसवलं होतं. खेळ साधाच होता, मारामारी नाही, गाड्या नाहीत. एक नदी, तिच्या काठी तुमची मोकळी जमीन. झाडं लावा, घर बांधा, बाजार भरवा. गावाच्या वेशीवर एक पाटी असे, आणि त्यावर गाव वसून किती दिवस झाले ते आपोआप लिहिलेलं असे, तुम्ही खेळा की न खेळा. एका कार्डावर दोन गावं मावत. आणि एकाच कार्डावर दोन गावं असली तर नदीवर पूल होई, मग या गावचं माणूस त्या गावात जाऊन येई.

म्हणून आम्ही एकच कार्ड ठेवलं. तिने एकदा म्हटलं होतं, "दुसरं एक कार्ड आणून कॉपी करून ठेवूया का? सेफ राहील." मी म्हटलं, "कशाला? माझ्यापाशी काय हरवणार आहे?" डेटाबेसचा पेपर मी पहिल्या वर्गात पास केला होता, आणि बॅकअपवर त्यात सोळा मार्कांचा प्रश्न होता.

कार्ड तिचं, डबा माझा. आईने दिलेला, झाकणावर आईचं नाव कोरलेला स्टीलचा डबा. सकाळी ती खेळायची. जेवणं झाली की कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, माझ्या डब्यात ठेवून वर आणून द्यायची. दुसऱ्या दिवशी मी ते तसंच खाली पोचवायची. आणि आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, तेव्हा कार्डाबरोबर काहीतरी असायचंच. तिच्याकडून उपमा, माझ्याकडून सांडगे. तिचे मेथीचे ठेपले, माझा पातोडीचा रस्सा वेगळ्या वाटीत, कार्डाला लागू नये म्हणून. काही नसलं तर चार मनुका, एक केळं. रिकामा कधीच नाही.

तिचं गाव माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण रोज दुपारी मी आधी पूल ओलांडून तिच्याकडे जायची आणि मगच माझ्या गावात यायची. तिच्या दारात डाव्या हाताला दोन संत्र्यांची झाडं होती, मग विहीर, मग निळ्या फुलांची एक ओळ, बरोब्बर नऊ रोपं. बाजाराच्या मागे तिने जागा मुद्दाम मोकळी सोडली होती. मला वाटायचं, जागा मोकळी सोडायचं सुचतं कसं एखाद्याला? मी माझं गाव भरून टाकलं होतं, अडगळीच्या खोलीसारखं. शिवाय तिच्या वेशीवरचा आकडा माझ्यापेक्षा नेहमी तीनने जास्त असायचा. तिने तीन दिवस आधी सुरुवात केली होती, एवढंच. पण तो तीनचा फरक मला रोज टोचायचा. तो कधी मिटणार नव्हता.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या गावात तण दिसायला लागलं. कार्ड वर येत होतं, डब्यात खाऊ येत होता, पण ती खेळत नव्हती. माझ्या गावातला म्हातारा दुकानदार म्हणाला, तुमची शेजारीण बरेच दिवस दिसली नाही. मी काळजीत पडले, खरंच पडले. बरं नसेल, किंवा काही गोड बातमी असेल, सांगायला संकोचत असेल, असं मनात धरून मी महिनाभर माझं गाव सोडून तिचं तण उपटलं. निळ्या फुलांना रोज पाणी घातलं. तिला त्याबद्दल बोलले नाही.

जूनमध्ये ती डबा घेऊन वर आली. आत पेढे होते, मिल्क पावडर आणि कन्डेन्स्ड मिल्कचे, मायक्रोवेव्हमधले. मी म्हटलं, "काय गं, गुड न्यूज?"

"अगं, माझं एच वन अप्रूव्ह झालं. ऑक्टोबरपासून जॉइन. फेब्रुवारीपासून इंटरव्ह्यू चालले होते, मार्चमध्ये ऑफर आली, एप्रिलमध्ये फाइल केलं. हातात पेपर आल्याशिवाय कोणाला सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, नजर लागते."

एच वन म्हणजे नोकरी करता येणारा व्हिसा. मी तिचं अभिनंदन केलं. पेढा तोंडात घातला. पण आत माझा तिळपापड होत होता. चार महिने! मी तिचं तण उपटत होते आणि ती खाली बसून अभ्यास करत होती. मला सांगितलं असतं तर मीही चार ठिकाणी अर्ज टाकले असते. आणि नजर कोणाची लागणार होती? त्या बिल्डिंगमध्ये तिच्या ओळखीची मी एकटी होते. नजर म्हणजे मीच की. सगळ्यात वाईट म्हणजे तिच्या सासूबाईंचं म्हणणं खरं होतं.

जाताना ती दारात थांबली. "आणि हो, कार्ड डब्यात आहे. तुझ्याकडेच ठेव आता. मला कुठला टाइम मिळतोय? तू खेळ आरामात."

'आरामात' हा शब्द तिने वाईट मनाने वापरला नव्हता. आज मला ते कळतं. त्या दिवशी मात्र मला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

दार लावून मी कार्ड खाचेत घातलं. कार्डावर काय काय आहे ते दाखवणारा एक पडदा असतो, तिथे दोन छोटी घरं दिसत होती, एक तिचं, एक माझं. तिच्या घरावर गेले. 'डिलीट?' असं आलं. कर्सर मुद्दाम 'नो'वर उभा ठेवलेला असतो, तो आपल्या हाताने 'येस'वर न्यावा लागतो. त्यामुळे हात चुकला असं मला म्हणता येत नाही. मी तो 'येस'वर नेला आणि दाबलं. 'कार्ड काढू नका' अशी सूचना आली. मी हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी वाट बघितली.

मग दुसरा पेढा खाल्ला. तो चांगला झाला होता, आणि त्याचाही मला राग आला.

संध्याकाळी माझ्या गावात जाऊन बघितलं तर पुलाच्या अर्ध्याच फळ्या उरल्या होत्या. दुकानदार म्हणाला, पलीकडे कोणी राहत नाही. त्यानंतर मी कार्ड डब्यात घालून डबा ओट्याखालच्या कपाटात ठेवून दिला.

ऑक्टोबरात ती कामाला लागली. सकाळी शटलमध्ये आता माझा नवरा, तिचा नवरा आणि ती. मी बाल्कनीतून बघायची. तिच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. ती वर बघून हात करायची, मी कुंडीवर वाकायची. कुंडीत काहीच नव्हतं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगला दोन आठवडे होते तेव्हा, लाँड्रीत ती भेटली. डोळ्याखाली काळं आलं होतं. ड्रायरमधून कपडे ओढत म्हणाली, "खूप हेक्टिक आहे गं. मॅनेजर नुसता डोक्यावर बसलेला असतो. थँक्सगिव्हिंगला चार दिवस सुट्टी आहे, कुठे जायचं नाही ठरवलंय. सोफ्यावर पडून फक्त माझ्या गावात फिरायचंय. कार्ड देशील ना? ऑफिसमध्ये मीटिंग चालू असते आणि मला आपली निळी फुलं आठवतात."

"देते की," मी म्हटलं. "माझं थोडं काम राहिलंय त्यात, ते झालं की देते."

घरी येऊन मी कपाटातून डबा काढला. तिची नोकरी, पगार, पट्टी या कशालाही मी हात लावू शकत नव्हते. हात लावण्यासारखं तिचं जे एकच होतं, ते मी पुसलं होतं, आणि नेमकं तेच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या नावाने नवीन गाव सुरू केलं. नवरा शटलने गेला की बसायचं, तो यायच्या आधी उठायचं. नव्या गावात ना बी मिळतं ना लाकूड. म्हणून पूल पुन्हा जोडला आणि माझ्याच गावातून सगळं वाहून नेलं. माझी संत्र्यांची झाडं उपटून तिच्या दारात लावली. माझी विहीर मोडून त्या दगडांनी तिची बांधली. आणि एक गोष्ट लक्षात आली, जिची मला आजही लाज वाटते. मला सगळं आठवत होतं. कुठलं झाड कुठे, कुंपणाची कुठली फळी तिरकी, बाजारामागची मोकळी जागा किती पावलांची. प्रेमाने बघितलं असतं तर एवढं आठवलं नसतं. रोज दुपारी पूल ओलांडून मी जळत जळत जे बघितलं होतं, ते झाडून सगळं डोक्यात जसंच्या तसं होतं. अकरा दिवसांत तिचं गाव उभं राहिलं. माझं ओसाड पडलं.

निळी फुलं मोजली. नऊ.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी मी चकल्या तळल्या. डबा गच्च भरला, वर पिशवीत कार्ड ठेवलं आणि खाली देऊन आले. तिने दारातच एक चकली मोडून तोंडात टाकली. "तू ना, वेडी आहेस," म्हणाली आणि मला मिठी मारली. जिना चढताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी स्वतःशी गुणगुणत होते.

चार दिवस खालून काही आवाज नाही. सोमवारी संध्याकाळी नवरा शटलमधून उतरून आला, त्याच्या हातात डबा. "तुझ्या मैत्रिणीने दिलाय. घाईत होती."

हातात घेतला तेव्हाच वजन कळलं. तरी झाकण उघडलं. डबा स्वच्छ घासून, पुसून कोरडा केलेला होता. आत पिशवीत कार्ड. बाकी काही नव्हतं. एक मनुका नव्हती.

मी कार्ड खाचेत घातलं, माझं ओसाड गाव ओलांडलं आणि पुलावर गेले. त्या खेळात तुम्ही जिथे थांबून सेव्ह करता, तिथेच तुमचं माणूस पुढच्या वेळेपर्यंत उभं राहतं. पलीकडे संत्री जागेवर होती, विहीर होती, नऊच्या नऊ फुलं होती. कशालाही हात लागलेला नव्हता. तिचं माणूस घराकडे गेलेलंच नव्हतं. ते वेशीवर, माझ्याकडे पाठ करून, पाटीसमोर उभं होतं.

सगळं आठवलं होतं मला, पाटी तेवढी विसरले होते. माझ्या वेशीवर सहाशेच्या पुढचा आकडा होता. तिच्या पाटीवर लिहिलं होतं, गाव वसून सतरा दिवस. माझं गाव आता तिच्या गावापेक्षा वयाने मोठं होतं.