तळेगावला न तापणारी गाडी

आमच्या कॉलनीत त्या काळी चौदा इंजिनिअर होते आणि गाडी एकच, माझी. गाडीला साधी शिंक आली तरी चौदा डॉक्टर धावत येत. त्या गाडीची मला अजून दया येते.

सत्तरचं दशक निम्मं उलटलं होतं. चिंचवडच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळे. सेकंडहँड गाडी घेतली ती मात्र एकही चूक न काढता. निमित्त बायकोचं होतं. लग्नामुळे सुटलेलं शिक्षण तिनं दोन्ही मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा धरलं होतं आणि ती बाहेरून बी.ए.ला बसली होती. डाळ शिजेपर्यंत ओट्यापाशी उभ्याउभ्या तिचा अभ्यास चाले. एप्रिलमध्ये पुण्यात शेवटच्या वर्षाचे पेपर होते.

"मी लोकलनं जाईन," ती म्हणाली.

"घरात गाडी असताना?" मी म्हणालो. मला वाईटच वाटलं. गाडीसाठी.

फेब्रुवारी सरता सरता थंडी गेली, ऊन वाढलं आणि गाडी तापायला लागली. मोकळ्या रस्त्यावर ती अगदी शहाण्यासारखी चाले. पण दापोडीच्या पुलाअलीकडे सायकली, बैलगाड्या आणि कारखान्यांच्या बस यांची गर्दी झाली, गाडी रांगायला लागली, की काटा लाल पट्टीत जाई आणि बॉनेटमधून वाफ निघे.

रविवारी सकाळी समिती बसली. फाउंड्रीतल्या शेजाऱ्यांनी गाडीकडे न बघताच इंजिनच्या हेडला तडा गेल्याचं जाहीर केलं, कारण त्यांच्याकडे सगळ्याच गोष्टींना तडे जात. हीट ट्रीटमेंटवाल्यांनी पाणी तापलं की उघडणारा थर्मोस्टॅट काढून आमच्या दुधाच्या पातेल्यात उकळला. तो जेव्हा उघडायला हवा तेव्हाच उघडला, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मी माझ्या खात्याला जागून काट्यावरच संशय घेतला. इंजिन तापतच नाही, काटा खोटं बोलतोय, असं मी म्हणालो. समोर वाफ दिसत असताना असं बोलायला धाडस लागतं, ते माझ्यात भरपूर होतं.

मग पंख्याचा पट्टा आवळला, पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर आतून सोड्याच्या पाण्यानं धुतला. बाहेरून त्याला हात लावायचं कारणच नव्हतं. तो आमच्या गाडीतला सर्वांत देखणा भाग होता. खंडेनवमीला कारखान्यात प्रत्येक मशीन पुसून, रंगवून, हार घालून पूजतात. मीही तेच केलं होतं. मशीनचा हिरवा रंग आणून रेडिएटरला स्वतःच्या हातानं, ब्रशनं, दोन हात दिले होते. समिती दर रविवारी बॉनेट उघडल्यावर आधी त्या रंगाचं कौतुक करी आणि मग दोष शोधायला दुसरीकडे वळे.

दुरुस्ती झाली की चाचणी. तिला मोकळा रस्ता हवा, म्हणून समितीतले आम्ही चौघं देहूरोड ओलांडून थेट तळेगाव गाठत असू. गाडी सुसाट जाई, काटा मध्यावर. परत आल्यावर भजी.

"तळेगावपर्यंत काही झालं नाही," चौथ्या रविवारी मी विजयी मुद्रेनं सांगितलं.

बायको घाणा तळत होती. "माझं परीक्षेचं सेंटर तळेगावला नाहीये," ती म्हणाली.

समिती खळखळून हसली. मीही हसलो. दापोडीला जाऊन बघावं, असं मात्र आमच्यापैकी एकाही विद्वानाच्या मनात आलं नाही.

पहिला पेपर अकराला होता. साडेनऊला निघालो. पुलाच्या अलीकडे एका बैलगाडीचं चाक निखळलं होतं आणि मागे ही रांग. पाऊण तास आम्ही इंचाइंचानं सरकलो. मग काटा लाल पट्टीत गेला, वाफ आली, इंजिन बंद पडलं. मी बॉनेट उघडून मोठ्या गंभीरपणे आत बघत उभा राहिलो.

तेवढ्यात सायकलवरून आमच्याच कारखान्यातला रंगारी आला, मावळातला म्हातारा माणूस. त्यानं वाकून एकदाच बघितलं.

"सायेब, ह्यो रंग कुनी दिला?"

"मी." आवाजात थोडा अभिमान तेव्हाही होता.

"बरशानं? अवो, जाळी पार बुजलीया की. वारं जायाचं कुठनं?"

खरंच होतं. रेडिएटरच्या पत्र्यांमधल्या बारीक फटी रंगानं लिंपल्या होत्या. वेगात असताना समोरचा वारा जोरानं घुसून कसंबसं भागवी. गाडी रांगायला लागली की सगळा भार पंख्यावर, आणि पंख्याला हवा ओढायला जागाच नव्हती. चौदा इंजिनिअर, सहा आठवडे.

"पाच मिनिटं थांब, गार होईल," मी बायकोला म्हणालो.

तिनं घड्याळ बघितलं. "साडेअकरानंतर आत घेत नाहीत."

"वैनी, बसा मागं," रंगारी म्हणाला. "पल्याड बस घावंल."

ती हॉल तिकीट छातीशी धरून कॅरिअरवर बसली. मागे वळून बघितलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी दारातच उभा होतो. अकरा वाजून चोवीस मिनिटांनी पोचले, म्हणाली.

"शेवटचा प्रश्न राहिला."

"अवघड होता?"

"येत होता," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दोन दिवस रजा काढून मी दाभण घेऊन एकेक फट मोकळी केली. शेजाऱ्यांना कळलं. "शेवटी दोष पकडलातच, राव!" म्हणून त्यांनी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटू दिली. मग एकटाच दापोडीला गेलो, पुलावरून मुद्दाम बैलगाडीच्या मागे मागे गेलो. काटा हलला नाही.

दुसऱ्या पेपराच्या दिवशी सात वाजताच गाडी पुसून दारात उभी केली. बायको पिशवी घेऊन बाहेर आली.

"गाडी आता अगदी ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागली.

"अगं, निदान स्टेशनपर्यंत तरी सोडतो."

"नको," ती म्हणाली. "आज मला वेळेवर पोचायचंय."