पित्ताच्या म्हणून घेतलेल्या गोळ्या

रत्नागिरीत माझ्या पोटात दुर्बीण घालून तपासलं. निकाल आला तेव्हा मुलगा मला बाहेर बसवून एकटाच डॉक्टरांकडे गेला. बाहेर येऊन म्हणाला, "आई, पित्त आहे. चौदा दिवस गोळ्या घे." आणि मुंबईला निघून गेला.

गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं. आठव्या दिवशी जळजळ थांबली, तशा मी गोळ्या सोडल्या. उरलेल्या जावेला दिल्या, कारण तिलाही पित्त आहे. पित्ताला आमसुलाचं सार पुरतं, एवढं मला कळतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. या वेळी मी मुलाच्या मागोमाग आत शिरले.

डॉक्टर म्हणाले, "आजी, जंतू अजून आहेत. त्यांच्यामुळेच गाठ झालीय. गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?"

"कसली गाठ?"

मुलगा खाली बघायला लागला. डॉक्टरांनीच सांगितलं. लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर. लवकर सापडलाय, जंतू मेले तर बहुतेक वेळा तोही जातो.

मुलगा म्हणाला, "तू धसका घेतला असतास."

"कॅन्सरच्या गोळ्या मी जावेला वाटल्या असत्या काय रे?"

त्याच्या बायकोला माहीत होतं, माझ्या भावालाही. पोट माझं, आणि मलाच तेवढं माहीत नव्हतं.

आता दुसऱ्या गोळ्या चालू आहेत. जंतू मरतील की नाही, ते पुढच्या तपासणीत कळेल. मुलगा रोज फोन करून विचारतो, "घेतल्यास?" मी "घेतल्या" म्हणते आणि फोन ठेवते.