मालखान्यातली स्कूटर

"रीतसर होईल हो," असं म्हणत काका पिवळ्या फडक्याची चौपदरी घडी घालायचे आणि ती पँटच्या मागच्या खिशात सरकवायचे. असं केलं की समजायचं, काका पोलीस ठाण्यात निघाले.

सरकारवर मनापासून विश्वास असलेला एखादा गृहस्थ तुम्हीही पाहिला असेल. काकांचा विश्वास होता, कारण जन्मभर ते स्वतःच सरकार होते. दिल्लीत एका मंत्रालयात फायलींवर टिपणं लिहीत त्यांनी नोकरी पुरी केली, रामकृष्णपुरमचं क्वार्टर सोडलं आणि काकूंना घेऊन गुडगावला आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. तेव्हा गुडगावला नुकतीच स्वप्नं पडू लागली होती. सोसायटीच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता आणि प्यायचं पाणी टँकरने यायचं. सज्जातून मोहरीची शेतं दिसायची आणि शेतांच्या पलीकडे काचेची एक इमारत उभी राहत होती. बस मात्र कुठूनच दिसायची नाही.

म्हणून काकांनी बिनगिअरची एक स्कूटर घेतली. दर बुधवारी काकू मागे बसून दिल्लीला जायच्या. तिथे जुन्या शेजारणींचं भजन असायचं, आणि भजनापेक्षा नंतरच्या गप्पा जास्त. गुरुवारी सकाळी काकू जिन्यात भेटल्या की चेहरा कसा टवटवीत असायचा. त्यांचा सगळा आठवडा त्या एका बुधवारावर उभा होता.

ती स्कूटर बाजारातून चोरीला गेली. काकांनी तक्रार नोंदवली आणि आश्चर्य म्हणजे महिन्याभरात चोर सापडला, स्कूटरही सापडली. काकांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. मला म्हणाले, "बघ, तू उगाच पोलिसांना नावं ठेवतेस."

मी ठेवतेच. माझा स्वभावच तसा आहे. आणि या वेळी तर मीच खरी ठरले, कारण स्कूटर सापडली ती पोलिसांना, काकांना नाही. ती आता खटल्यातला मुद्देमाल होती. कोर्टाने हुकूम द्यायचा, मागाल तेव्हा गाडी हजर करीन असं काकांनी लिहून द्यायचं आणि मगच ती घरी न्यायची. त्यासाठी पोलिसांचा अहवाल हवा. अहवाल आला की वकील नसायचे, वकील असले की अहवाल नसायचा, आणि दोन्ही जुळून आले त्या दिवशी वकिलांचा संप होता. दरम्यान चोराला जामीन मिळाला. स्कूटर आतच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

काका दर शनिवारी ठाण्यात जायचे. भांडायला नव्हे, स्कूटर पुसायला. मालखान्याच्या मागे पत्र्याखाली ती उभी असायची. काका तिचे आरसे, दिवा, सीट सगळं पुसायचे, चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघायचे आणि जाताना मुन्शीला नमस्कार करायचे. मालखान्याची, म्हणजे जप्त मालाच्या कोठाराची, जबाबदारी मुन्शी म्हणवणाऱ्या या हवालदाराकडे होती. एका शनिवारी मीही बरोबर गेले होते.

"मुन्शीजी, इस में मिट्टी बहुत लगती है. कहीं जाती तो नहीं?" काकांनी विचारलं.

"ताऊजी, गाड़ी सेफ सै. मालखाने से कौन ले जावेगा?" मुन्शी खुर्चीत रेलून हसला. समोर आमचे वकील बसले होते. त्याच मुन्शीबरोबर चहा पीत. आम्हाला बघून त्यांनी कप खाली ठेवला नाही की मान वर केली नाही.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, हे दोघे मिळालेले आहेत. वरच्या साहेबांकडे तक्रार करा, पेपरात द्या, काहीतरी करा!"

"रीतसर होईल," काका म्हणाले. पण थोडं पुढे गेल्यावर थांबले. "वाईट एवढंच वाटतं गं, की हिचं जाणं अडलंय. बोलत नाही ती. नुसती सज्जात उभी असते."

ते खरं होतं. काकू एकदा दिल्लीच्या बॉर्डरपर्यंत वडापच्या जीपने गेल्या होत्या. पुरुषांच्या गर्दीत चेंगरून, बांगड्या फुटलेल्या हातांनी परत आल्या आणि पुन्हा म्हणून निघाल्या नाहीत. थंडी सुरू झाली तशी त्यांची बोलकी जीभही आखडली. जिन्यात भेटल्या तर "बरंय" एवढंच म्हणायच्या. स्कूटर म्हणजे पत्रा आणि रबर, हे मलाही कळतं. पण त्या पत्र्याबरोबर एका बाईचं जग मालखान्यात पडून होतं, आणि त्याची किल्ली चहा पिणाऱ्या त्या दोघांकडे होती. आजही ते आठवलं की मला राग येतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. काका ती इतक्यांदा चढले होते की चहावाला त्यांना न विचारता बिनसाखरेचा चहा द्यायचा. एका तारखेला मी रजा काढून बरोबर गेले. वकील वेळेवर आले होते, हाच अपशकुन वाटला. मुन्शीही अहवाल घेऊन हजर होता. आमची पाळी यायला वेळ होता म्हणून काका "जरा पाय मोकळे करतो" म्हणून बाहेर पडले.

नेमका तेव्हाच पुकारा झाला. मुन्शीने छाती काढून सांगितलं, "जनाब, गाड़ी मालखाने में सीलबंद है. जाँच बाकी है. अभी छोड़ी नहीं जा सकती."

वकील त्यावर काही बोलतील म्हणून मी बघत राहिले. ते म्हणाले, "अगली तारीख दे दीजिए, जनाब."

मॅजिस्ट्रेट तरुण होते, दमलेले होते. त्यांनी अर्जदार कुठे आहे असं विचारलं, तशी मी बाहेर धावले. आवारात टंकलेखकांच्या टेबलांपलीकडे कडुनिंबाखाली काका पाठमोरे वाकले होते. हातात पिवळं फडकं होतं आणि समोर स्कूटर.

"काका! कुणाची गाडी पुसताय?"

"कुणाची म्हणजे? आपलीच," ते म्हणाले. "आरशाला बघ किती धूळ बसलीय."

मला जे उमगलं ते त्यांना अजून उमगलंच नव्हतं. आपली स्कूटर दिसली, ती मळलेली होती, म्हणून हात आपोआप खिशाकडे गेला, एवढंच. मी त्यांना दंडाला धरून आत ओढत नेलं.

"कहाँ थे आप?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"साहब, गाड़ी पोंछ रहा था."

"कौन सी गाड़ी?"

वकिलांनी काकांची बाही ओढली. काकांनी ती सोडवून घेतली आणि फायलीवर टिपण लिहावं तितक्या शांतपणे सांगितलं, "यही वाली, साहब. जो मालखाने में सीलबंद है. बाहर नीम के नीचे खड़ी है."

मागच्या बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू सगळीकडे पसरलं. मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं. शिपाई बाहेर जाऊन बघून आला आणि "है जी" म्हणाला. मुन्शी ज्या स्कूटरवर बसून आला होता, तीच मालखान्यात असल्याचं सांगत होता. "जनाब, वो बैटरी उतर जाती है, इसलिए थोड़ा चला के..." तो पुटपुटला.

त्याच बैठकीत हुकूम झाला. बाहेर आल्यावर वकिलांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "देखा अंकलजी? करवा दिया ना!" मी तोंड उघडणार होते, पण काकांनी त्यांना हात जोडले. मुन्शीचंही पुढे काही झालं नाही. तो त्याच खुर्चीत रेलत राहिला. मला तो निलंबित झालेला बघायचा होता, आणि खोटं कशाला बोलू, आजही बघायचा आहे. काकांना मात्र फक्त बुधवार हवा होता, आणि तो मिळाल्यावर त्यांच्या मनात दुसरं काही उरलंच नाही.

काकूंच्या मनात मात्र उरलं होतं. स्कूटर घरी आली, त्यांनी तिला हळदकुंकू लावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता मला शिकवा. दर वेळी तुमच्या मागे बसून जग बघायचं, हे पुरे झालं."

मग नव्या सेक्टरांच्या रुंद रिकाम्या रस्त्यांवर रोज सकाळी ती वरात निघायची. पदर खोचून काकू पुढे, आणि धापा टाकत काका मागे. "ब्रेक! अगं, ब्रेक!" काकूंनी विटांचा एक ढीग पाडला, एका म्हशीला रस्ता सोडायला लावला आणि होळीपर्यंत गाडी हातात घेतली. काका मागे बसून दिल्लीला जायला लागले. फार ऐटीत बसायचे.

काही वर्षांनी काका गेले. झोपेतच गेले, कुणाला तोशीस न देता. शेतांच्या जागी तोवर काचेच्या इमारतींची रांग झाली होती.

त्यानंतर एका बुधवारी संध्याकाळी एक नवा हवालदार समन्स घेऊन आला. चोरीचा खटला अजून चालूच होता आणि आता साक्षीसाठी स्कूटर हजर करायची होती. वरच्या घराला कुलूप, म्हणून त्याने माझी बेल वाजवली. मालक वारले असं मी सांगितलं.

"तो गाड़ी?"

"बाहर गई है."

"मालिक गुज़र गया तो गाड़ी ले कौन गया?"

मी उत्तर देणार तेवढ्यात फाटकातून स्कूटर आत आली. काकूंच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि खांद्याला टाळांची पिशवी. खाकी बघून त्यांनी ब्रेक लावला, पण उतरल्या नाहीत. हवालदाराने सगळं सांगितलं आणि हात पुढे केला. "चाबी दे दो, माताजी. हम ही ले जाएँगे. आप कहाँ परेशान होंगी."

काकूंनी त्या हाताकडे पाहिलं.

"तारीख बताइए. मैं चलाके लाऊँगी," त्या म्हणाल्या, "और चलाके ही वापस ले जाऊँगी."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अगं, दूध आणायचं राहिलंच बघ. तुला आणू का?"

मी हो म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथे गाडी वळवली आणि फाटकातून बाहेर पडल्या. हवालदार हात पुढे करून तसाच उभा होता.