स्टिअरिंगची घाई

आमच्या जीपचे मिस्त्री मोजकंच बोलतात, आणि तेही बहुधा गाडीखाली आडवं पडून. चाळीस वर्षं ते जुन्या जीपच दुरुस्त करत आलेत. त्यांचा एक नियम आहे. आधी ब्रेक बदलायचे, सहा महिने गाडी जड स्टिअरिंगवरच चालवायची आणि मगच पॉवर स्टिअरिंग बसवायचं.

माझी लेक जंगलमोजणीच्या कामाला ती जीप घेऊन डोंगरात जाते. वळणावळणावर स्टिअरिंग ओढून तिचे खांदे भरून यायचे. म्हणून मीच मिस्त्रींच्या मागे लागले, की डिस्क ब्रेक बसवताय तर स्टिअरिंगही आत्ताच करून टाका.

"ताई, जड स्टिअरिंग माणसाला सावकाश ठेवतं," ते म्हणाले. "नव्या ब्रेकची सवय तर होऊ द्या तिला."

"तुमचे नियम तुमच्यापाशी. खांदे माझ्या पोरीचे दुखतात."

ते हसले नाहीत. काम मात्र चोख करून दिलं.

काल लेक खुशीत घरी आली. "आई, कड्यावरचा रस्ता आता एका हाताने उतरते मी." जड स्टिअरिंग होतं तोवर त्या रस्त्याला ती कधी गेली नव्हती.

आज सकाळी ती कामावर निघाल्यावर मी गॅरेज गाठलं आणि जुनं स्टिअरिंग परत बसवा म्हणाले. मिस्त्रींनी हात पुसले.

"बसवतो की. पण तिला विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. ती काय म्हणेल, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी तशीच परत आले.