बाबांचे शेंगोळे

परवा थंडी अशी पडली, की चुलीतला जाळसुद्धा शेकायला माणसांजवळ सरकत होता. आईने हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे वळायला घेतले. आजारपणापासून बाबांचा हात थरथरतो. ते कशालाच हात लावत नाहीत. तरी तिने त्यांच्यापुढे एक गोळा सरकवला. त्यांचे शेंगोळे असे झाले, की एकाला बैल बांधावा.

"हे कोण खाणार?" बाबा पुटपुटले.

"शिजू द्या की. रस्सा नावं ठेवत नाही कुणाला."

खरंच, लसणाचा तो रटरटता रस्सा जाड-बारीक सगळ्यांना पोटात घेतो. घराने तरी दुसरं काय करायचं असतं?

वाढताना आईने जाडे शेंगोळे हुडकून स्वतःच्या ताटात घेतले. बाबा बघत राहिले.

"पीठ सैल मळलं होतंस," ते म्हणाले. "उद्या घट्ट मळ, मग बघ."